शेवटची काडी कोणाची?

निम खेळायला काडेपेटी पुरते. १, ३, ५ आणि ७ काड्यांच्या ओळी मांडायच्या. आपल्या पाळीला कोणत्याही एकाच ओळीतून हव्या तेवढ्या काड्या उचलायच्या. शेवटची काडी उचलेल तो जिंकला. चार्ल्स बूटन यांनी १९०१ मध्ये द्विमान पद्धतीने या खेळाची पूर्ण उकल केली. ती रीत मुलांना सांगून थांबणं मला अपुरं वाटतं. खेळाची खरी कसोटी पुढेच आहे.

नियम उलटा करा: शेवटची काडी उचलेल तो हरला. समजा, आपल्या पाळीला १, १, ३ उरल्या. जुन्या सवयीने आपण तीनही उचलतो. समोरचा एक उचलतो आणि शेवटची आपल्या गळ्यात! दोनच उचलायला हव्या होत्या. मीही इथेच हरलो आहे, तेही सहावीतल्या मुलीकडून.

पण म्हणून सगळंच उलटं खेळणाराही फसतो. एकाहून जास्त काड्यांची एकच ओळ उरेपर्यंत जुनी रीत बिनचूक चालते. त्या खेळीला मात्र सुट्या काड्या विषम उरतील असं बघायचं. सवय नेमकी कुठे सोडायची, हे मुलांना स्वतः शोधू द्यावं. सुरुवातीला १, २, २ मांडून बघा.