बमरोलीतली लोकरीची वेणी

सुरतेची थंडी नावापुरती. जानेवारीतही पहाटे पारा १४-१५ अंशांवर रेंगाळतो, आणि दुपारी पंखा लागतोच. तरी दिवाळी सरली की बमरोलीत आपल्या खानदेशी घरांतून सुया बाहेर निघतात. विणायचं असतं गावाकडच्यांसाठी. शेजारच्या उधन्याहून जळगाव रेल्वेने ३०६ किलोमीटर. तिकडची पहाट कान कापते. त्यामुळे लग्नसराईला निघालेल्या पिशवीत एखादी कानपट्टी हमखास असते.

मला तिचं कौतुक जास्त, कारण ती उरल्यासुरल्या लोकरीतून होते. स्वेटर संपला की मुठीएवढे गुंडे उरतात. दोन रंगांचे दोन पदर एकत्र धरायचे आणि सहा नंबरच्या सुयांवर २० टाके घालायचे. दोन्ही कडांचे ५-५ टाके कायम सुलट, त्यांच्या आत २-२ उलट, मधे ६ टाक्यांची वेणी. दर सहाव्या ओळीला वेणीतले पहिले ३ टाके तिसऱ्या सुईवर घेऊन पुढे सोडायचे, पुढचे ३ आधी विणायचे, मग हे. झाला पीळ. तिसरी सुई विकत कोण आणतं? केसांतला आकडा चालतो. आमच्या गल्लीतल्या एक आजी बॉलपेनच्या संपलेल्या रिफिलीवर टाके घेतात, आणि एकही निसटत नाही. गुंडा संपला तर नवा कडेलाच जोडायचा. पिळाच्या ओळीत जोडला की गाठ वेणीच्या पोटात फुगते. पट्टी १८ इंच झाली की टाके बंद करून टोकं शिवायची. डोक्याच्या घेरापेक्षा ती आखूडच हवी, ताणली तरच कानांवर बसते. दोन संध्याकाळींत काम फत्ते.

ही वेणी जगभर गाजली ती आयर्लंडच्या ॲरन बेटांवरच्या स्वेटरांमुळे. आपल्या बायकांना ती शाळेतल्या विणकामाच्या तासाला किंवा शेजारणीच्या ओट्यावर मिळाली.

सुरतेत धाग्याला भाव असतो. लूमवर मीटरचा हिशेब, घरी साडीला खडे चिकटवणारीला नगाचा. दिवसभर असं मोजून काम केलेले हात रात्री बिनमजुरीची कानपट्टी विणायला बसतात, हे मला मोठं वाटतं. सगळ्याच सुबक होतात असं नाही. काही वेण्या मधेच दिशा बदलतात. घालणाऱ्याचे कान त्याने गार पडत नाहीत.

बमरोलीतल्या आपल्या मंडळाला एक सुचवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून कानपट्ट्याच लुटा. स्टीलच्या वाट्या आता घरोघर पुरेशा झाल्या आहेत.