क्रियापद वाचकाच्या हाती

जुन्या टेक्स्ट गेमबद्दल हळवेपणाने लिहिताना काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर हमखास आठवतो. माझा जीव जडला आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. पडद्यावर प्रसंग उभा राहतो आणि पुढे काय करायचं ते वाचकाने स्वतः टाइप करायचं असतं. क्रियापद त्याच्या हाती येतं.

सुरुवात खऱ्या गुहेतून झाली. विल क्राउथर हा अमेरिकी प्रोग्रामर केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये उतरणारा गुहाशोधक. सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्याने ‘अ‍ॅडव्हेंचर’ लिहिला. १९७७ मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला. त्यातले बोळ आणि दालनं पाहिलेल्या माणसाने लिहिली आहेत, हे खेळताना जाणवतं. पुढे एमआयटीतल्या तरुणांनी ‘झॉर्क’ रचला आणि १९७९ मध्ये इन्फोकॉम कंपनी निघाली. तेव्हा घरगुती कॉम्प्युटरचे प्रकार अनेक, एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालायचा नाही. इन्फोकॉमने झेड-मशीन नावाचा काल्पनिक कॉम्प्युटर आखला. खेळ त्याच्यासाठी लिहायचा आणि प्रत्येक खऱ्या यंत्रावर त्याची नक्कल करणारा छोटा प्रोग्राम बसवायचा. म्हणूनच ‘झॉर्क’ आज फोनवरही चालतो.

इन्फोकॉम १९८९ मध्ये बंद पडली, पण कला खरी वयात आली ती नंतर. असे खेळ लिहिण्यासाठीची ग्रॅहम नेल्सनची ‘इन्फॉर्म’ ही प्रोग्रामिंग भाषा १९९३ मध्ये आली आणि धंद्याशी संबंध नसलेले लेखक लिहू लागले. अँड्र्यू प्लॉटकिनचा ‘स्पायडर अँड वेब’ (१९९८) पाहा. आपण एका गल्लीत, बंद दारासमोर, साधे प्रवासी म्हणून उभे असतो. थोडं फिरतो, परततो. आणि अचानक चौकशी अधिकाऱ्याचा आवाज येतो की हे खोटं आहे. म्हणजे आतापर्यंत टाइप केलेली प्रत्येक आज्ञा ही आपली जबानी होती! हे सिनेमाला जमणार नाही. तिथे खोटं पात्र बोलतं, इथे आपण बोललेलो असतो. एमिली शॉर्टच्या ‘गॅलटिआ’मध्ये (२०००) तर कोडी जवळपास नाहीतच, आहे फक्त एका बोलत्या पुतळ्याशी संवाद.

या कलेचा जुना दोष खरा आहे: टाइप केलेली आज्ञा उलगडणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे पार्सरला, हवा तो नेमका शब्द सुचला नाही की खेळाडू तासन्‌तास अडकतो. २००९ च्या ट्वाइन या साधनाने त्यावर टाइप करण्याऐवजी लिंक निवडण्याचा उपाय दिला आणि प्रोग्रामिंग न येणारे कितीतरी लेखक आत आले. हे मोलाचंच, पण लिंक सगळे पर्याय आधीच दाखवते, आणि स्वतःला सुचलेली गोष्ट करून पाहण्याचा थरार जातो. पार्सरवाल्यांनीही जुन्या खेळांतले भूलभुलैये आणि कंदील आता पुरे करावेत. तो हळवेपणा कलेला मागे ओढतो.

मराठीत अशी गोष्ट वाचायला मला मनापासून आवडेल. पण आपलं क्रियापद शेवटी येतं, ‘दिवा’चा ‘दिव्यात’ होतो, ‘किल्लीने दार उघड’ आणि ‘दार किल्लीने उघड’ दोन्ही चालतं. पार्सरला सामान्यरूपं शिकवावी लागतील. जर्मन आणि स्पॅनिशसाठी ‘इन्फॉर्म’मध्ये अशी मेहनत झालेली आहे. सामान्यरूपांचे नियम आपल्या व्याकरणात लिहिलेले आहेत. तेवढे कोडमध्ये उतरवले की वाड्याचं दार उघडायला लेखक मोकळा.