अंशाखालचा छेद

माझ्या भाचीचा मोठा मुलगा दीड वर्षाचा झाला आणि शिकलेले पाच-सहा शब्द विसरत गेला. पुढे स्वमग्नतेचे निदान झाले. धाकटी नऊ महिन्यांची झाली तेव्हा भाचीने विचारले, "मावशी, हिला गोवराची लस देऊ का गं? त्याचं सगळं लसीनंतरच सुरू झालं." मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. पण 'डॉक्टरांना विचार' एवढे सांगून मोकळे होणे मला जमेना. म्हणून या विषयावरचे शोधनिबंध वाचायला बसले.

या संशयाचे मूळ लंडनमध्ये आहे. फेब्रुवारी १९९८मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. रॉयल फ्री रुग्णालयात आलेली १२ मुले. त्यांपैकी आठजणांच्या बाबतीत पालकांनी वा डॉक्टरांनी लक्षणांचा संबंध गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लसीशी, म्हणजे एमएमआरशी जोडला होता. असा संबंध आपण सिद्ध केलेला नाही, हे त्या निबंधातच लिहिले होते. तरीही पत्रकार परिषदेत वेकफील्ड यांनी या लसी वेगवेगळ्या द्याव्यात असे सुचवले आणि भीती पसरली. २०१०मध्ये 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला. त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदणीतून काढले गेले.

या विषयावरचे बरेचसे लेखन इथेच थांबते: माणूस लबाड निघाला, प्रश्न मिटला. मला हे वाचन अपुरे वाटते. वेकफील्ड प्रामाणिक असते, तरी त्या १२ मुलांवरून काही ठरले नसते. त्या निबंधात अंश आहे, छेद नाही. लस घेऊनही काही न झालेली मुले किती? लस न घेता स्वमग्न झालेली किती? हे मोजले नाही, तर कळते ते इतकेच की कावळा बसला आणि फांदी मोडली. स्वमग्नतेची लक्षणे बहुधा दुसऱ्या वर्षात ध्यानात येतात. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोसही १६ ते २४ महिन्यांतच असतो. म्हणजे लस पूर्ण निर्दोष असली, तरी अनेक घरांत या दोन घटना एकामागोमाग घडणारच.

कावळा न बसलेल्या फांद्याही मोजल्या गेल्या, त्या डेन्मार्कमध्ये. १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांच्या राष्ट्रीय नोंदी तपासून २०१९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील ६,५१७ मुलांना स्वमग्नतेचे निदान झाले होते. लस घेतलेल्यांचा धोका न घेतलेल्यांच्या ०.९३ पट निघाला. ९५ टक्के विश्वासाची मर्यादा ०.८५ ते १.०२. इथे लसीच्या समर्थकांनीही घाई करू नये. ०.९३ म्हणजे 'लस स्वमग्नता टाळते' असे नव्हे. मर्यादेत १ हा आकडा येतो, म्हणून फरक आढळला नाही, एवढेच म्हणता येते. मात्र वाढ असलीच, तर ती फार मोठी असणे या आकड्यांशी जुळत नाही.

जपानने १९९३मध्ये एमएमआर थांबवली. म्हणजे कावळाच उडाला. तरीही योकोहामातील एका विभागात नंतर जन्मलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे निदान वाढतच गेल्याचे २००५च्या अभ्यासात दिसले.

एक आक्षेप मला खरा वाटला. मोठे मूल स्वमग्न असलेले पालक धाकट्याची लस टाळत असतील, तर मुळातच जास्त धोका असलेली मुले लस न घेतलेल्यांत जमतील आणि लसीचा दोष झाकला जाईल. यावर उपाय एकच: अशा भावंडांची तुलना आपसातच करायची. अमेरिकेत २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९५,७२७ मुले होती. त्यांपैकी १,९२९ जणांचे मोठे भावंड स्वमग्न होते. त्यांच्यातही लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. भाचीचा प्रश्न नेमका हाच होता.

तिला मी हे सारे कागदावर मांडून दाखवले. तिने बराच वेळ आकडे पाहिले आणि विचारले, "मग त्याला का झालं?" या अभ्यासांत त्याचे उत्तर नाही, एकेका मुलाचे कारण असल्या मोजणीतून निघत नाही. पण लस टोचून घ्यायला आपणच त्याला नेले, हा आरोप ती चार वर्षे स्वतःवर करत होती. त्या आरोपाला आधार नाही, एवढे या आकड्यांवरून नक्की सांगता येते. पुढच्या आठवड्यात तिने धाकटीला लस दिली.