शब्दांची सरासरी लांबी : नमुन्यावरील अनुमानाच्या एका शालेय उदाहरणाची परीक्षा

अमेरिकेतील शालेय गणितासाठी २०१० साली 'कॉमन कोअर' या नावाने जो आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात सातव्या इयत्तेच्या विद्यार्थ्याने नमुन्यावरून समष्टीविषयी, म्हणजे ज्या संपूर्ण समूहातून नमुना घेतला त्याविषयी, अनुमान काढण्यास शिकावे अशी अपेक्षा आहे. स्पष्टीकरणार्थ दोन उदाहरणे दिली आहेत. थोड्या विद्यार्थ्यांची मते घेऊन शाळेतील निवडणुकीचे भाकीत करणे हे एक. पुस्तकातील काही शब्द यादृच्छिक रीतीने निवडून त्यातील शब्दांची सरासरी लांबी अजमावणे हे दुसरे. हे दुसरे उदाहरण गणिताच्या पानावर आले असले तरी मूलतः भाषेचे आहे, आणि म्हणून त्याची परीक्षा भाषेच्या बाजूने होणे अगत्याचे आहे.

उदाहरणाची निवड उत्तम आहे हे प्रथम मान्य केले पाहिजे. पुस्तक स्थिर असते. शब्द मत बदलत नाहीत किंवा उत्तर देण्याचे नाकारीत नाहीत. आणि हवे तर सर्व शब्द मोजून अनुमान कितपत खरे ठरले हे पडताळता येते. शिवाय एकाच आकाराचे अनेक नमुने घेऊन आपले अनुमान किती चुकू शकेल याचा अदमास विद्यार्थ्याने घ्यावा, असेही आराखडा सांगतो. तीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दहा शब्द घेतले की तीस निरनिराळ्या सरासऱ्या हाती येतात. त्यांचा पसारा फळ्यावर बिंदूंनी मांडला म्हणजे एका आकड्यावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याचा आत्मविश्वास आपोआप ढळतो. दहाऐवजी चाळीस शब्द घेतले तर हा पसारा साधारण निम्म्यावर येतो. चौपट श्रमांचे फळ दुप्पट, हा हिशेब लहान वयातच कळलेला बरा.

परंतु पसारा आटला म्हणजे अनुमान खरे झाले असे नव्हे. तेथील संख्याशास्त्राच्या अध्यापकांत लिंकनच्या १८६३ सालच्या गेटिसबर्ग येथील भाषणावरचा एक पाठ प्रचलित आहे. प्रचलित प्रतीत २६८ शब्द आहेत व त्यांची सरासरी लांबी सुमारे ४.३ अक्षरे भरते. विद्यार्थ्यांना केवळ नजरेने दहा 'प्रातिनिधिक' शब्द निवडण्यास सांगितले, की बहुतेकांची सरासरी याहून अधिक येते. डोळा लहान अव्ययांवरून घसरतो आणि भारदस्त शब्दांवर थबकतो. नमुना वाढविल्याने हा दोष जात नाही. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या होत्या, तरी त्याने भाकीत केले लँडनच्या विजयाचे, आणि प्रत्यक्षात मेन व व्हरमाँट ही दोन राज्ये वगळता सारा देश रूझवेल्टच्या बाजूने गेला.

मग डोळे मिटून पानावर बोट ठेवावे काय? येथे दोष अधिक सूक्ष्म आहे. 'तो घरी आला आणि आईजवळ बसला' हे वाक्य घ्या. शब्द सहा, अक्षरे पंधरा, सरासरी २.५. परंतु बोट शब्दावर नव्हे, अक्षरावर पडते. 'आईजवळ' या शब्दाला 'तो'च्या पाचपट संधी मिळते. हिशेब केला तर या रीतीने अपेक्षित सरासरी ४७ भागिले १५, म्हणजे ३.१ येते. प्रथम पान, मग ओळ, मग ओळीतील एक शब्द अशी निवड करणाऱ्याचीही यातून पूर्ण सुटका नाही. कारण लांब शब्दांच्या ओळीत शब्द कमी मावतात, आणि त्यामुळे त्यांतील प्रत्येकाची संधी वाढते. चिठ्ठीने ओळी निवडून त्यांतील सर्व अक्षरांना सर्व शब्दांनी भागणे हा त्यातल्या त्यात निर्दोष मार्ग होय.

आराखड्याने ज्याविषयी अवाक्षर काढलेले नाही तो प्रश्न याहून मूलगामी आहे. शब्द म्हणजे काय, आणि त्याची लांबी कशात मोजावयाची? इंग्रजी पुस्तकात दोन कोऱ्या जागांमधला मजकूर तो शब्द, असे म्हणून वेळ निभावता येते. मराठीत शब्दयोगी अव्यय जोडून लिहितात. 'आईजवळ' हे हिंदीच्या रीतीने तोडून लिहिले तर वरील वाक्यात सात शब्द होतात, आणि एकही अक्षर न बदलता सरासरी २.५ वरून २.१४ वर उतरते. अक्षरांऐवजी वर्ण मोजले, तर 'घरी' दोनाचा चार होतो व वाक्याची सरासरी ४.३ होते. लिंकनच्या भाषणाशी हा आकडा जुळतो हा निव्वळ योगायोग. पण दोन भाषांच्या तुलनेचे प्रबंध अशाच योगायोगांवर उभे राहू शकतात. 'स्त्री' एक अक्षर की चार वर्ण, याचा निर्णय नमुना घेण्यापूर्वीच व्हावयास हवा. त्याचप्रमाणे समष्टी कोणती हेही आधी ठरले पाहिजे. 'आणि' हा शब्द पुस्तकात शेकडो वेळा येतो, कोशात मुख्यशब्द म्हणून एकदाच. म्हणून कोशातून घेतलेला नमुना पुस्तकाविषयी फारसे काही सांगत नाही.

पारिभाषिक शब्दांनीही गोंधळात भर घातली आहे. नैयायिकांचे अनुमान धुरावरून अग्नीकडे जाते, ते आधी सिद्ध झालेल्या व्याप्तीच्या बळावर. नमुन्यावरून समष्टीकडे जाणाऱ्यापाशी अशी व्याप्ती नसते. त्याचे काम व्याप्तीच्या शोधाशी अधिक जवळचे, आणि तेही चुकीची मर्यादा सांगून करावयाचे. 'यादृच्छिक' हा शब्द तर अधिकच फसवा. 'यदृच्छा' या संस्कृत शब्दात आकस्मिकतेबरोबर स्वेच्छेचाही अर्थ आहे, आणि विद्यार्थ्याच्या कानाला 'इच्छा' तेवढी ऐकू येते. मनास येईल तो शब्द उचलणे म्हणजे यादृच्छिक निवड, अशी त्याची समजूत झाली तर तो गेटिसबर्गच्या विद्यार्थ्यांचीच चूक करील, आणि तीही व्याख्येच्या आधाराने. सातवीच्या पाठात ही संज्ञा येण्यापूर्वी 'प्रत्येक शब्दास सारखी संधी देणारी निवड' एवढे सरळ मराठी लिहावे, आणि शब्दांना क्रमांक घालून चिठ्ठ्या काढण्याचे काम विद्यार्थ्यांच्या हातून करवून घ्यावे.