सुघटितता, वैधता आणि दोषनिवेदन

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसृत केलेल्या एक्सएमएल १.० या विनिर्देशातील दोषविचार भाषाभ्यासकांकडून उपेक्षितच राहिला आहे. वस्तुतः त्याच्या संपादकांपैकी मायकेल स्पर्बर्ग-मॅक्वीन हे ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’च्या मार्गदर्शिकेचेही संपादक होते, तेव्हा हा प्रांत आपल्याला परका नव्हे.

सुघटिततेचा भंग, उदाहरणार्थ उघडलेला टॅग न मिटणे, हा ‘घातक दोष’ होय. तो आढळताच पार्सरने, मग तो वैधता तपासणारा असो वा नसो, उपयोजनास कळविलाच पाहिजे. पुढील दोष शोधण्याची त्यास मुभा आहे; मजकूर नेहमीच्या रीतीने पुढे पोचविण्याची नाही. या कठोरतेविषयी कुरकुर पुष्कळ झाली. परंतु एचटीएमएलच्या ब्राउझरांनी दोष पोटात घालण्याची जी सवय लावली होती, ती पाहता ही कठोरता योग्यच म्हणावी लागेल.

वैधतेचे तसे नाही. कोशाच्या डीटीडीत प्रत्येक ‘नोंद’ घटकात ‘अर्थ’ आवश्यक ठरविला असता अर्थहीन नोंद सुघटित राहते, वैध राहत नाही. हा दोष वैधता तपासणाऱ्या पार्सरने वापरणाऱ्याच्या इच्छेनुसार कळवावयाचा. पण ती इच्छा व्यक्त कोणी करावयाची? सॅक्स या योजनेत दोषग्रहणाची व्यवस्था उपयोजनाने केली नसेल, तर घातक दोष तेवढा उघड होतो. वैधतेचा दोष मुकाट्याने विरून जातो.

याहून नाजूक स्थिती वैधता न तपासणाऱ्या पार्सरची आहे. बाह्य डीटीडी वाचण्याचे बंधन त्याजवर नाही. तिच्यात ‘लिंग’ या गुणधर्माचे गृहीत मूल्य ‘पु’ असे दिलेले असल्यास, ती वाचणाऱ्या पार्सरास शब्द पुल्लिंगी दिसेल, न वाचणाऱ्यास लिंगच दिसणार नाही. आणि दोघेही निर्दोषतेचाच निर्वाळा देतील! मजकुरातील बाह्य एन्टिटी न वाचल्यास तसे कळविण्याची सक्ती विनिर्देशाने केली आहे. न वाचलेल्या डीटीडीविषयी तशी स्पष्ट सक्ती त्यात दिसत नाही. सॅक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत वगळलेल्या डीटीडीची सूचना देण्याची सोय आहे खरी, पण ती सूचना मजकूर स्वीकारणाऱ्याकडे जाते, दोष स्वीकारणाऱ्याकडे नव्हे. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ यांच्या जोडीस ‘न तपासलेले’ असे तिसरे उत्तर दोषनिवेदनातच, आणि तेही न मागता, मिळावयास हवे होते.