न आठवणारा अपराध : ऑगस्टीनचं तान्हं बाळ

मूळ पापाचा विषय निघाला की आपण लगेच आदाम, हव्वा आणि त्या फळाकडे वळतो. आज तिकडे जायचं नाही. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’मध्ये, अगदी पहिल्या भागात, एक तान्हं बाळ आहे. त्याच्याकडे बघायचं आहे.

ग्रंथ इसवी सन 400च्या आसपासचा. बाळाला बोलता येत नाही. पण आपल्या दाईच्या अंगावर दुसरं मूल पिताना दिसलं की ते फिकट पडतं, कडवट नजरेनं बघतं. ऑगस्टीनचा निष्कर्ष असा की हा मत्सर आहे, म्हणजे तान्हेपणही निष्पाप नाही.

आता बघा, त्याला दिसला तो चेहरा. मत्सर त्यानं मागाहून ठेवला. मत्सराला ‘मी’ लागतो, ‘तो’ लागतो, आणि माझं त्याला मिळतंय ही जाणीव लागते. ती त्या बाळाला आहे का? बाहेरून सांगता येत नाही. आतून सांगावं, तर ऑगस्टीन स्वतःच कबूल करतो की त्याला आपलं तान्हेपण आठवत नाही. ते ऐकून आणि इतर मुलं पाहून ताडलेलं. ज्याची खूणही स्मरणात नाही त्या काळाशी माझा काय संबंध, असं विचारून तो पुढे जातो. मला वाटतं, तिथे त्यानं थांबायला हवं होतं. कारण याच ग्रंथाच्या दहाव्या भागात तो ‘स्व’चा शोध स्मृतीतच घेतो. आणि अपराध मात्र जिथे स्मृती पोचत नाही तिथे नेऊन ठेवतो!

आठव्या भागातला ऑगस्टीन वेगळा आहे. मन हाताला हुकूम देतं, हात हलतो. मन मनालाच हुकूम देतं, आणि मनच अडून बसतं. जाग आलेली असूनही अंथरुण न सुटणाऱ्या माणसाची उपमा त्यानंच दिली आहे. इथे तो स्वतःच्या जाणिवेतलं सांगतो, म्हणून ते पटतं. ख्रिस्ती नसलेल्यालाही पटतं.

एक्लानमच्या ज्युलियननं त्याला धारेवर धरलं ते बरोबरच: पाप इच्छेतून होत असेल तर बाळात ते कुठून आलं? ऑगस्टीनचा एक मोठा आधार म्हणजे रोमकरांस पत्र 5:12. तिथे मूळ ग्रीकचा ओढा ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा. त्याच्या लॅटिन पाठातून ‘आदामामध्ये सर्वांनी पाप केलं’ असा अर्थ काढता येत होता. पण ज्युलियनला इच्छाशक्ती फारच स्वच्छ, सरळ वाटते. आठवा भाग त्याच्याकडे नाही.

दुभंगलेलं मन आपण जन्माबरोबर आणतो, हे मी मानायला तयार आहे. दोष आणतो, हे नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पूर्वेकडच्या चर्चनं मरण आणि दुबळेपणाचा वारसा मानला, आदामाचा दोष साधारणपणे प्रत्येकाच्या माथी मारला नाही.

ही नुसती शब्दांची कुस्ती नव्हती, बरं का. बाप्तिस्म्याआधी मेलेल्या बाळालाही शिक्षा आहे, सगळ्यात सौम्य असली तरी आहेच, असं ऑगस्टीननं लिहिलं. मूल गेलेल्या किती आईबापांनी ते ऐकलं असेल. 2007 साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगानं अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे, असं म्हटलं. आशा, खात्री नव्हे, हेही त्यांनी नमूद केलं.