खडकाचा तांबडा, छायाचित्राचा तांबडा

मध्य ऑस्ट्रेलियातला उलुरू हा प्रचंड खडक आतून करडा आहे. पायथ्याच्या गुहांमध्ये, जिथे ऊन-पावसाचा मारा कमी, तिथे हा मूळचा करडा रंग आजही दिसतो. भूवैज्ञानिक ज्याला आर्कोस म्हणतात त्या फेल्डस्पारयुक्त वालुकाश्माचा हा डोंगर. भोवतालच्या सपाटीपासून तो ३४८ मीटर उंच आहे आणि त्याचा घेर सुमारे साडेनऊ किलोमीटर भरतो. त्यातल्या लोहयुक्त खनिजांना हवा-पाणी लागून वरचा थर गंजला आणि तांबडा झाला. कोकणातल्या जांभ्याला आणि आपल्या अंगणातल्या गेरूला रंग देणारी लोहाची ऑक्साइडेच तिथेही आहेत. जगभरच्या कॅलेंडरांवर, पर्यटनाच्या पुस्तिकांत आणि आता मोबाइलच्या पडद्यावर आपण जो पेटलेला लाल पाहतो, तो या खडकाच्या केवळ कातडीचा रंग आहे.

या लाल रंगाच्या छायाचित्रांची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू. अशा छायाचित्रांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो: रंग वाढवलेला आहे, प्रत्यक्षात इतका लाल नसतो. मला हा आक्षेप चुकीचा वाटत नाही, पण अपुरा वाटतो. ‘प्रत्यक्षातला रंग’ नावाची एकच पक्की वस्तू तिथे उभी आहे आणि कॅमेऱ्याने तिची नक्कल करायची आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. ते गृहीत टिकत नाही. म्हणून छायाचित्रातला लाल किती आहे यापेक्षा, तो लाल आपल्यासोबत आणखी काय काय पुसून टाकतो, हे पाहिले पाहिजे असे माझे म्हणणे आहे.

आधी कॅमेऱ्याची बाजू पाहू. उलुरू दुपारी बाराला विटकरी-तपकिरी दिसतो. सूर्य क्षितिजाजवळ आला की त्याच्या किरणांना हवेचा लांब पल्ला कापावा लागतो. वाटेत निळा प्रकाश विखुरतो आणि तांबूस प्रकाश तेवढा पोचतो. आधीच तांबड्या असलेल्या पृष्ठभागावर तांबूस प्रकाश पडला की तो पेटल्यासारखा दिसतो. पावसाळी ढगाखाली तोच खडक जांभळट करडा होतो आणि त्याच्या घळींतून धबधबे कोसळतात. यातला ‘खरा’ रंग कोणता म्हणायचा?

त्यात आधुनिक कॅमेऱ्याची स्वतःची एक समजूत असते. त्याची स्वयंचलित ‘व्हाइट बॅलन्स’ची व्यवस्था बहुधा असे धरून चालते की, दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती करड्याच्या आसपास येते. दिवाणखान्यात किंवा बाजारात हे बऱ्यापैकी जमते. पण समोर क्षितिजापर्यंत तांबडी वाळूच असेल, तर कॅमेऱ्याला वाटते की प्रकाशातच काही बिघाड आहे, आणि तो बिचारा इमानदारीने लाल कमी करून टाकतो. अशा वाळवंटात काहीही ‘न वाढवता’ काढलेले छायाचित्र प्रत्यक्षापेक्षा फिके निघू शकते ते यामुळे. छायाचित्रकाराने नंतर लाल वाढवला, तर तो खोटेपणाच करतो असे म्हणता येत नाही. कधी कधी तो यंत्राची चूक दुरुस्त करत असतो.

ही अडचण किती खोल आहे हे कळण्यासाठी पृथ्वीबाहेरचे एक उदाहरण उपयोगी पडते. २० जुलै १९७६ रोजी ‘व्हायकिंग १’ हे यान मंगळावर, म्हणजे दुसऱ्या एका गंजलेल्या वाळवंटात उतरले. दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या रंगीत छायाचित्रात मंगळाचे आकाश चक्क निळे होते. आकड्यांवरून रंग तयार करताना पृथ्वीची सवय आड आली होती. यानावर बसवलेल्या रंगपट्टीशी ताडून पाहिल्यावर आकाश गुलाबीसर असल्याचे ठरले. ही दुरुस्ती जाहीर होताच जमलेल्या वार्ताहरांनी थट्टेने हुर्यो उडवली, असे कार्ल सेगनने नमूद केले आहे. ती हुर्यो मला महत्त्वाची वाटते. ओळखीचा रंग काढून घेतला की प्रेक्षक नाराज होतो, मग समोरचा पुरावा काहीही म्हणो.

उलुरूच्या बाबतीत हा ओळखीचा रंग फार जुनाही नाही. विल्यम गॉस या युरोपीय पाहणीकाराने १८७३ साली हा खडक पाहिला आणि त्याला ‘एअर्स रॉक’ असे नाव दिले. १८९४ च्या हॉर्न मोहिमेत बाल्डविन स्पेन्सर कॅमेरा घेऊन तिथे पोचला. त्या काळातल्या सर्वसाधारण काचपट्ट्यांना निळा प्रकाश चटकन कळे, लाल जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे अशा काचेवर निळे आकाश पांढरेफटक येई आणि तांबडी जमीन काळपट. लाल वाळवंट छायाचित्रात आले ते असे काळे होऊन. चार्ल्स माउंटफर्ड या संशोधक-छायाचित्रकाराचे ‘ब्राउन मेन अँड रेड सँड’ हे पुस्तक १९४८ मध्ये निघाले, तोवर तांबडी वाळू पुस्तकाच्या नावात येऊन बसली होती. १९३५ ची कोडाक्रोम आणि पुढे १९९० मध्ये आलेली फुजीची वेल्विया या फिल्मांनी उरलेले काम केले. वेल्विया तर रंग गडद करण्यासाठीच निसर्ग-छायाचित्रकारांत लोकप्रिय झाली. त्यात पोलरायझर फिल्टर लावून आकाश गर्द निळे केले की शेजारचा लाल आपोआप उसळून येतो. आज हातात असलेली ‘सॅच्युरेशन’ची सरकपट्टी या परंपरेची धाकटी बहीण आहे.

इथवर मी रंग वाढवणाऱ्यांची बाजू घेतल्यासारखे वाटेल. आता त्यांच्या विरोधातला, माझ्या मते खरा मुद्दा. डिजिटल प्रतिमेत लाल, हिरवा आणि निळा अशा तीन नोंदी असतात आणि नेहमीच्या आठ-बिट प्रतिमेत प्रत्येकीची मर्यादा ० ते २५५. लाल वाढवत गेलो की खडकाच्या उजळ भागात लालाची नोंद २५५ वर जाऊन अडकते. त्यापुढे दोन ठिकाणच्या लालात फरक असला, तरी प्रतिमेत तो उरत नाही. खडकाच्या पृष्ठभागावरचे खवल्यांसारखे पापुद्रे, त्यांच्या कडांवरची बारीक सावली, गेरू-विटकरी-शेंदरी यांच्यातल्या छटा, सगळे एका सपाट लेपाखाली जाते. पाणी वाहण्याच्या वाटांवर शेवाळाचे काळे ओघळ असतात, ते डागांसारखे दिसू लागतात. पायथ्याशी स्पिनिफेक्स या टोचऱ्या गवताचा पिवळट हिरवा असतो, तोही तांबूस होतो. ‘रंग जास्त झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा उलटे घडलेले असते: रंग कमी झालेले असतात. अनेक तांबड्यांच्या जागी एकच तांबडा उरलेला असतो.

जमवलेली कॅलेंडरे, पोस्टकार्डे आणि पुस्तके मी टेबलावर ओळीने मांडतो, तेव्हा हा एकपणा रंगापुरता राहत नाही असे दिसते. बहुतेकांत वेळ संध्याकाळची. जागा ठरलेली, कारण सूर्यास्त पाहण्यासाठी गाड्या आणि बस उभ्या राहतात त्या तळावरूनच ती घेतलेली असतात. ते तळ, त्या गाड्या, तिथे दाटीने उभी माणसे मात्र एकातही नसतात. रिकामी तांबडी जमीन आणि मधोमध खडक. ऑस्ट्रेलियात या रिकामपणाला कायद्याचा इतिहास आहे. वसाहतीपूर्वी ही भूमी कुणाच्या मालकीची नव्हतीच, या समजुतीवर तिथली जमीन घेतली गेली, आणि ती समजूत उच्च न्यायालयाने फेटाळली ती थेट १९९२ च्या माबो निकालात. कॅलेंडरासाठी फोटो काढणाऱ्याच्या मनात हे काही नसते, हे मला मान्य आहे. पण त्याची चौकट तीच जुनी समजूत पुन्हा सांगते.

रंग खुलवण्याच्या हव्यासाची किंमत उलुरूला अगदी शब्दशः मोजावी लागली आहे. पायथ्याच्या गुहांत अनंगू लोकांची भित्तिचित्रे आहेत: गेरू, पिवळी माती, राख, कोळसा अशा द्रव्यांनी काढलेली. पर्यटकांच्या फोटोत ती उठून दिसावीत म्हणून एके काळी तिथले वाटाडे त्यांच्यावर पाणी मारत. ओल्या भिंतीवर रंग क्षणभर झळाळत, फोटो छान येई, आणि दर खेपेला चित्र थोडे धुऊन जाई. छायाचित्रातील रंगतीव्रतेवर इतके नेमके भाष्य मला कोणत्याही समीक्षेत सापडलेले नाही. सरकपट्टीने खडक झिजत नाही हे खरे. पण दोन्ही कृतींमागचा विचार एक आहे: समोरची गोष्ट तिच्या अटींवर पाहण्याऐवजी ती फोटोसाठी तयार करून घ्यायची.

‘तिच्या अटी’ हा शब्दप्रयोग मी सैलपणे करत नाही. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी उलुरूची मालकी अनंगूंना परत देण्यात आली आणि राष्ट्रीय उद्यान म्हणून ती जागा त्यांच्याकडून ९९ वर्षांच्या भाडेकराराने घेण्यात आली. खडकावर चढण्याची वाट बरोबर ३४ वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१९ ला बंद झाली. खडकाच्या काही भागांचे फोटो काढू नयेत असे फलक पायथ्याला आहेत. अनंगूंची भूमिका अशी की, त्या भागांतले उंचवटे, खाचा आणि चिरा हे चुकुर्पाचे, म्हणजे त्यांच्या पूर्वजकथांचे आणि नियमांचे, जणू ग्रंथच आहेत. ते त्या जागीच, आणि ज्यांना अधिकार आहे त्यांनीच वाचायचे. आपल्याकडे गाभाऱ्यात कॅमेरा नेऊ देत नाहीत, हे मराठी वाचकाला परके नाही. फरक इतकाच की इथे गाभारा उघड्यावर आहे, सूर्यप्रकाशात झळाळतो आहे, आणि लांबून दिसतोही.

छायाचित्रणाच्या स्वातंत्र्यावर हे बंधन आहे का? आहे. पण हा वाद आजचा नाही. वर उल्लेखलेल्या माउंटफर्डचेच ‘नोमॅड्स ऑफ द ऑस्ट्रेलियन डेझर्ट’ हे मोठे पुस्तक १९७६ मध्ये छापून आले, तेव्हा पिजांजारा समाजातल्या पुरुषांनी त्याविरुद्ध नॉर्दर्न टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. दीक्षित पुरुषांनीच जाणायच्या गोष्टी माउंटफर्डला विश्वासाने सांगितल्या होत्या. त्या स्त्रिया, मुले आणि अदीक्षितांसमोर उघड झाल्या तर समाजाची घडी विस्कटेल, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने विश्वासभंगाच्या मुद्द्यावर विक्रीला मनाई केली. माउंटफर्ड हा काही उथळ पर्यटक नव्हता. त्या लोकांविषयी त्याला आस्था होती. आस्था आणि अनुमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे या खटल्यातून शिकता येते.

मग या वाळवंटाचा रंग गडदपणे मांडूच नये का? याचे उत्तर मला छायाचित्रांबाहेर, आल्बर्ट नमाजिरा याच्या जलरंगांत मिळते. १९०२ मध्ये जन्मलेला हा पश्चिम अरांडा चित्रकार हर्मान्सबर्गच्या मिशनमध्ये वाढला, रेक्स बॅटरबीकडून जलरंगाचे तंत्र शिकला, आणि १९३८ मध्ये मेलबर्नला त्याचे प्रदर्शन भरले. रंगीत छायाचित्रे दुर्मीळ होती त्या काळात शहरी ऑस्ट्रेलियाच्या कितीतरी घरांत मध्य ऑस्ट्रेलियाचा रंग पोचला तो त्याच्या चित्रांच्या छापील प्रतींमधून. त्याचे रंग मवाळ नाहीत. पण त्याचा तांबडा कधी एकटा नसतो. मागे जांभळे डोंगर, पुढे पिवळट गवत, आणि एका बाजूला घोस्ट गमचे पांढरे खोड. लाल त्यांच्यात बसतो, म्हणून तो लाल राहतो. त्याच्यावर युरोपीय शैलीच्या नकलेचा शिक्का मारणारे समीक्षक हे विसरले की, तो स्वतःच्या पूर्वजांचा मुलूख रंगवत होता आणि काय दाखवायचे याचा अधिकार त्याच्याकडे होता.

त्या अधिकाराचेही पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. १९५९ मध्ये नमाजिरा वारला. १९८३ मध्ये सरकारी विश्वस्ताने त्याच्या चित्रांचे स्वामित्वहक्क ८,५०० डॉलरना एका प्रकाशनसंस्थेला विकून टाकले. ते कुटुंबासाठी स्थापन झालेल्या न्यासाकडे परत आले २०१७ मध्ये. मधली ३४ वर्षे त्या डोंगरांचा रंग, कायद्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या मालकीचा होता.

म्हणून लाल वाळवंटाचे छायाचित्र समोर आले की मी आता रंगतीव्रता मोजत बसत नाही. या लालात किती लाल आहेत, ते मोजतो. शेवाळाचा काळा आणि गवताचा हिरवा शाबूत आहे का, ते पाहतो. वेळ आणि जागा छायाचित्रकाराने स्वतः शोधली की बस थांबली तिथे ती आयती मिळाली, आणि जे दाखवले आहे ते दाखवायची मोकळीक होती का, हेही विचारतो. या कसोटीवर एखादे भडक छायाचित्र उतरू शकते आणि एखादे सौम्य, सभ्य छायाचित्र नापास होऊ शकते.

पावसातल्या उलुरूचे, जांभळट करड्या अंगावरून पाणी वाहणारे छायाचित्र कॅलेंडरच्या पानावर क्वचितच येते. ते छापले तर खरेदीदाराला वाटेल की छपाईत काही तरी बिघडले. खडक मात्र त्या दिवशी आपल्या मूळ रंगाच्या सर्वांत जवळ असतो.